पट्टी कोरडी, ओढा वाहता

माझ्या सासूबाई तेवीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ एका लोखंडी पट्टीकडे बघायला जात होत्या आणि सरकार त्याचा पगार देत होतं. लग्न ठरताना मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, थट्टा चाललीय. म्हटलं, नुसतं बघण्याचा पगार मिळत असेल तर माझे वडील एव्हाना लखपती व्हायला हवे होते, ते दिवसभर खिडकीतून बघतच असतात.

थट्टा नव्हती. आमच्या वस्तीच्या टोकाला ओढा आहे, त्यावर तीन कमानींचा दगडी पूल. पुलाच्या पहिल्या खांबाला काळ्या आकड्यांची पांढरी पट्टी ठोकलेली. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं, वहीत शाईने लिहायचं आणि आठवड्याला एक तक्ता जलखात्याच्या कचेरीत पाठवायचा. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. घरात पाहुणे असोत नाहीतर अंगात ताप, बाई पुलावर. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पावणेपाचला मुलाची आई कुठे गायब झाली म्हणून शोधाशोध झाली. लोकांनी त्यांचं नाव कधीच सोडून दिलं होतं, लहानथोर सगळे ‘पट्टीवाल्या बाई’च म्हणायचे.

आणि वही कशी! एक खाडाखोड नाही. घरातही तोच खाक्या. दूध किती उरलंय विचारलं तर ‘थोडं’ हा शब्द त्यांच्या तोंडून यायचा नाही, ‘चार बोटं’ म्हणायच्या. मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून देते. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवायची सवय दोघींनाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. भांडण व्हायचं ते मिठावरून, आणि ते अजूनही होतं.

त्या निवृत्त झाल्या आणि खात्याने त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही. दोन वर्षं झाली त्याला. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी फाटकावरच्या फळ्यावर लावलेल्या सरकारी नोटिसा वाचत बसले होते. जलखात्याची एक होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे संरक्षित पाण्याची जी यादी असते, ती दर दहा वर्षांनी तपासतात. या खेपेला यादीतून काय काय वगळायचं ते खाली लिहिलं होतं. अनुक्रमांक एकेचाळीसवर आमचा ओढा. कारण: ‘शासकीय मोजपट्टीच्या नोंदींनुसार दरवर्षी चार महिने कोरडा.’

माझं डोकंच फिरलं. अहो, कोरडा? आदल्या रविवारी तर मी तिथे गोधड्या धुवून आणल्या होत्या!

कायद्याचं पुस्तक माझ्या टेबलाखालीच असतं. व्याख्या काढून बघितली. संरक्षित प्रवाह म्हणजे नैसर्गिक, ज्याला पात्र आणि काठ आहेत आणि जो साधारण वर्षात किमान नऊ महिने वाहतो. नऊच महिने का, हे कायदा करणाऱ्यांना कुठून सुचलं ते मी विचारत नाही. असा प्रवाह यादीत असला की दोन्ही काठांना तीस मीटर बांधकाम करायचं नाही, भराव घालायचा नाही, घाण पाणी सोडायचं नाही. यादीतून निघाला की तो नुसता पाण्याचा निचरा. मग परवानगी काढा आणि घाला त्याला सिमेंटच्या पाईपात. पुलाच्या अलीकडची सगळी मोकळी जमीन एका मोठ्या गोदामवाल्याने घेतल्याचं आम्हाला माहीत होतंच. पाईप कुणाला हवा होता हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण त्या ओढ्यावर खालच्या अंगाच्या सहा विहिरी जगतात आणि त्यातली एक आमची आहे.

नोटीस उतरवून घेतली आणि घरी येऊन सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली.

“नोंदी म्हणजे माझ्या?”

“तुमच्याच, आई.”

“माझ्या नोंदीत चूक नाही,” त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून मला परत दिला.

मी पण कमी नाही. म्हटलं, “मग ओढा खोटा आहे का?”

झालं! दोन दिवस अबोला. आमचे हे फ्रीज दुरुस्त करतात. घरात बिघाड झाला की हे दुसऱ्यांच्या घरचे फ्रीज उघडून बसतात. “मला मध्ये ओढू नका,” एवढं बोलले आणि सटकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला सासूबाई दारात उभ्या. “चप्पल घाल. चल.”

पुलावर गेलो. पहिल्या खांबापाशी खाली उतरलो. पट्टी होती तिथेच, पायथ्याशी गोट्यांचा नि वाळूचा ढीग, आणि खडखडीत कोरडं. सासूबाई त्या गोट्यांवरून पुढे चालायला लागल्या. दुसरी कमान ओलांडली, उंच गवत हाताने बाजूला केलं, आणि तिसऱ्या कमानीखाली पाणी. पोटरीपर्यंत. चांगलं वाहतं, गार. भर उन्हाळा होता.

“मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मोठा पूर आला,” त्या म्हणाल्या. “पुराने पट्टीच्या खांबापाशी हा सगळा गाळ आणून टाकला आणि ओढा या अंगाला सरकला. पाणी भरपूर असलं की तिन्ही कमानींतून जातं, पट्टी भिजते. उन्हाळ्यात कमी झालं की इथूनच जातं. पट्टी चार महिने कोरडी.”

“आणि तुम्ही काय लिहायच्या?”

“पट्टी कोरडी, प्रवाह नाही. छापील तक्त्यात तोच शब्द होता.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“पत्र दिलं होतं साहेबांना. पट्टी तिसऱ्या खांबावर हलवा म्हटलं. ते म्हणाले, पट्टी हलवली तर मागच्या नोंदींशी मेळ राहत नाही. तुम्हाला पट्टी वाचायला ठेवलंय बाई, ओढा वाचायला नाही.” त्या पाण्यात उतरल्या. “दर उन्हाळ्यात रोज मी इथे येऊन पाय धुवायचे. मग वर पुलावर जाऊन वही उघडायचे.”

“म्हणजे ओल्या पायांनी ‘प्रवाह नाही’ लिहायच्या?” मी ओरडलेच.

“हो,” त्या म्हणाल्या. “एकवीस उन्हाळे.”

मला इतका राग आला होता की काय बोलू नि काय नको. पण त्या बाईचा चेहरा बघितला आणि राग ओसरला. मी समजत होते त्यांना कळलेलं नाही. त्यांना नोटिशीची पहिली ओळ वाचतानाच कळलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणाच्या नावाने?

त्याच दुपारी मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पुराव्याचं कलम वाचलं. सरकारी नोंद खरी धरायची. शेजारपाजारच्यांनी शंभर सह्या केल्या, फोटो दिले तरी नोंदच खरी. ती खोडायची तर एकच वाट ठेवली होती: जिने नोंद ठेवली तिनेच सुनावणीला शपथेवर सांगायचं की ही नोंद प्रवाहाची खरी स्थिती दाखवत नाही. म्हणजे सगळ्या वस्तीत हे करू शकणारं माणूस एकच, आणि ते स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलं होतं.

वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“टाईप कर,” त्या म्हणाल्या. “आणि चुका करू नकोस.”

हरकत दाखल केली आणि चौथ्या दिवशी त्यांचे जुने साहेब घरी हजर. हेच ते पत्रवाले. निवृत्त झालेत, पण इस्त्री अजून नोकरीतली. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली, घराला रंग छान दिलाय म्हणाले. त्या रंगाला नऊ वर्षं झालीत. मग गाडी रुळावर आली.

“बाई, कशाला या भानगडीत पडताय? तुमचं रेकॉर्ड म्हणजे खात्याची शान. नव्या पोरांना आम्ही तुमच्या वह्या दाखवायचो. आता तुम्हीच उठून म्हणणार, मी चुकीचं लिहिलं? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“साहेब, माझं पत्र कुठंय?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठलं पत्र?”

“पट्टी हलवा म्हणून दिलेलं.”

“छे, असं काही आठवत नाही बुवा.” कपातला चहा संपला होता तरी साहेब पुन्हा प्यायले. “हे बघा, तुमच्या काळजीपोटी सांगतो. तुम्ही शपथेवर असं बोललात की खात्याची चौकशी लागेल. खोट्या नोंदी केल्याची. या वयात खेटे घालाल कचेरीचे?”

मी दारातून दोन शब्द ऐकवणारच होते, पण सासूबाईंनी हाताने थांबवलं.

“तेवीस वर्षं रोज दोन खेटे पुलावर घातलेत साहेब. पाय अजून धड आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि चौकशीत मला विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? मग मी काय सांगू?”

साहेबांनी रुमालाने ओठ पुसले. येतो म्हणाले. चपला उलट्या पायांत घालून जाताना मी त्यांना बघितलं आणि मला भारी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

सुनावणी कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, एक पंखा जो फक्त अधिकाऱ्यांवर वारा घालायचा, भिंतीला नकाशा. अधिकारी मध्यम वयाचे, सर्दीने नाक लाल झालेलं, पण ऐकून घेणारे. आधी सगळे मिळून पुलावर गेलो. अधिकारी स्वतः गोट्यांवरून तिसऱ्या कमानीपर्यंत आले, पाणी बघितलं, टेप लावून खोली मोजून घेतली. गोदामवाल्यांचे वकील पहिल्या खांबापाशीच थांबले, बूट नवे होते.

वर परत आल्यावर वकीलसाहेब उठले. गोड माणूस. असली माणसं मला रोज फाटकात भेटतात. साखरेत घोळून सुरी देतात.

“आज पाणी आहे हे मान्य,” ते म्हणाले. “एका दिवसाने नऊ महिने सिद्ध होत नाहीत. तेवीस वर्षांची नोंद माझ्या बाजूला आहे.” आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. दोन वर्षांनी त्या वह्या बघितल्यावर सासूबाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

शपथ झाली.

“बाई, या वह्या तुमच्याच हातच्या?”

“हो.”

“एकही खाडाखोड नाही. कमाल आहे.”

“आहेच.”

लोक हसले. वकीलही हसले. “मग मला सांगा, एवढं टापटिपीनं लिहिलेलं हे खरं आहे की खोटं?”

“पट्टीबद्दल खरं आहे. ओढ्याबद्दल खोटं आहे.”

“तुम्हाला ओढा वाहताना दिसत होता?”

“दिसत होता. मी त्यात पाय धूत होते.”

“आणि तरीही ‘प्रवाह नाही’ लिहीत होतात? एकवीस वर्षं? सरकारचा पगार घेऊन?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. आवाज जरा चढला. “मला पट्टी वाचायला सांगितली होती, मी पट्टी वाचली. तेव्हा भांडायला हवं होतं, मी भांडले नाही. एकदा पत्र दिलं आणि गप्प बसले. वही स्वच्छ राहते ना, मग झालं, असं मला वाटायचं. ती माझी चूक. त्याची शिक्षा मला द्या. ओढ्याने काय केलंय?”

वकील काही बोलणार तेवढ्यात अधिकाऱ्यांनी हात वर केला. त्यांनी चष्मा काढला, नाक पुसलं.

“बाई, नीट ऐका. घाईने सही करू नका. कलमात अर्ध्याची सोय नाही. तुम्ही म्हणाल उन्हाळ्याच्या नोंदी चुकीच्या आणि बाकीच्या बरोबर, तर तसं मला लिहिता येत नाही. नोंद ठेवणारी स्वतः सांगते की मी दिसलं तसं लिहिलं नाही, तर तिची सगळी वही अग्राह्य होते. सगळी तेवीस वर्षं अभिलेखातून काढली जातील. पुढे कुणी ती वापरणार नाही.”

“सगळी?”

“सगळी.”

“पुराच्याही?”

“वही एकच आहे, बाई.”

त्यांनी वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. सून झाल्यापासून मी त्यांना उत्तर शोधताना पहिल्यांदा बघत होते. शेवटी बोलल्या त्या अधिकाऱ्यांशी, पण जरा खालच्या आवाजात.

“तो पूर तीन दिवस होता. दर तासाला वाचायचं होतं. माझा मुलगा तेव्हा चौथीत, तापाने फणफणलेला. त्याला शेजारणीकडे टाकून मी पुलावर बसले होते. तो ‘आई’ म्हणून रडत होता असं शेजारीण मागून सांगायची. माझ्या आकड्यांवरून खालची घरं वेळेत रिकामी केली. माणूस गेलं नाही एकही. ते आकडेसुद्धा?”

मागच्या बाकावर आमचे हे बसले होते. मध्ये ओढू नका म्हणणारे. त्यांनी मान खाली घातली होती. हे त्यांनी मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

“तेसुद्धा,” अधिकारी म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, दिसत होतं. “हवं तर आठवडाभर वेळ देतो. घरी विचार करा.”

वकीलसाहेब लगेच मऊ झाले. “हो, हो. घाई काय आहे? एवढ्या आयुष्याच्या कामावर पाणी कशाला ओतायचं?”

मी सासूबाईंचा हात धरला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे ओढा. खड्ड्यात जाऊ दे विहीर, नळ घेऊ. या बाईकडून एवढं मागायचा हक्क कुणालाच नाही.

त्यांनी माझा हात सोडवला.

“आठवडा नको,” त्या म्हणाल्या. “माझी वही रद्द करा. ओढा रद्द करू नका. आण गं तो कागद.”

मी टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. अधिकाऱ्यांनी त्यात एक ओळ हाताने वाढवली, ‘माझ्या सर्व नोंदी अग्राह्य धरल्या जातील याची मला पूर्ण कल्पना आहे.’ सासूबाईंनी ती वाचली. ‘सर्व’ला बोट लावून पुन्हा वाचली. मग पेन उघडलं आणि सही केली, सावकाश, तक्त्याखाली करायच्या तशीच.

वकीलसाहेब वह्या गोळा करायला लागले. “राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या काही कामाच्या नाहीत आता.”

महिन्याने आदेश आला. आमचा ओढा यादीत राहिला. दोन्ही काठांना तीस मीटर, पात्र, काठ, सगळं शाबूत. पट्टी तिसऱ्या खांबावर बसवावी आणि नोंदी नव्याने सुरू कराव्यात, असंही होतं. चौकशीचं पत्र त्याच पाकिटात निघालं, साहेबांनी दिलेला शब्द पाळला म्हणायचं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की पूर्वीच्या तेवीस वर्षांच्या नोंदवह्या अभिलेखातून काढून नियमाप्रमाणे नष्ट कराव्यात.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तो परिच्छेद आला तेव्हा गाळू का, असं मनात आलं. पण त्या बाईला गाळलेलं चालत नाही, म्हणून तोही वाचला.

त्या टेबलापाशी बसून राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. आमचे हे उठले आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. आम्हा दोघांनाही काय करायचं ते कळेना. मी म्हटलं, “आई, नका ना. आपण जिंकलो.”

त्यांनी तळहाताने डोळे पुसले आणि माझ्यावर डाफरल्या.

“मला माहितेय जिंकलो. आणि मी रडले म्हणजे मला पश्चात्ताप झालाय, असं बाहेर कुणाला सांगितलंस तर याद राख.”

मी सांगितलं नाही. पश्चात्ताप झाला नव्हता, तर सांगू काय?